यमुआक्काची घंटीची पक्कड

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी एका डुलत फिरणाऱ्या चाकाचा आउट काढत होतो. यमुआक्का गेली, असं तिच्या लेकीनं, शोभानं, सोलापूरहून कळवलं होतं. चार ओळी. मी कार्ड वाचलं, खिशात घातलं आणि चाक पुरं केलं. मग समोरून चहा मागवला, तोही संपवला. रडू येईल म्हणून जरा वेळ वाट बघितली. आलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "गजाभाऊ, चाक झकास फिरतंय." फिरत होतंच.

आता ह्या बाईबद्दल सांगायचं तर खोटं बोलायची गरजच पडत नाही. तरी थोडं बोलीन. पनवेलात मला ओळखणारा कुठलाही माणूस मी सांगितलेल्या गोष्टीतून चार आणे वजा करूनच घरी नेतो. त्यांना वजा करायला काहीतरी ठेवलं पाहिजे.

टपाल नाक्याजवळ माझं सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याच्या सायकलींचं दुकान. मागच्या दोन खोल्यांत आक्का राहायची. तिचं मागचं दार माझ्या दुकानाच्या अंगणात उघडायचं, म्हणजे माझ्या मालात उघडायचं असं म्हटलं तरी चालेल. ती नथी करायची. नथी, कुड्या, बुगड्या, सगळं तारेचं आणि मोत्यांचं काम. तार तांब्याची, त्यावर सोन्याचं पाणी दिलेलं. पनवेलातल्या निम्म्या हळदीकुंकवांना आक्काच्या नथी जायच्या आणि उरलेल्या निम्म्यांना आक्काकडून मागून नेलेल्या.

ती सोनाराची मुलगी. पण तिच्या माहेरी बाईनं अवजाराला हात लावायचा नाही, असा कडक नेम. बापाच्या पेढीच्या उंबऱ्याशी बसून नुसतं बघायचं. बघता बघता तिला सगळं यायला लागलं, आणि बाप गेल्यावर अवजारं भावानं मोडीत घातली. "बरं झालं," ती म्हणायची, "नाहीतर मी जन्मभर दुसऱ्याच्या पकडीनं काम केलं असतं."

म्हणून तिनं स्वतःची अवजारं केली. कशाची? घरात जे होतं त्याची. आणि शेजारपाजारच्यांच्या घरात जे होतं त्याचीही. ह्या माणसाची सगळी गोष्ट त्या अवजारांची आहे आणि तिच्या दहा बोटांची. बोटं एकेक करून बधिर होत गेली, आणि काम थांबू नये म्हणून ती अवजारं करत गेली. कोण आधी संपतं, एवढाच प्रश्न होता. तो आम्हां सगळ्यांना माहीत होता आणि कोणी काढत नव्हतं.

पण बोटं धड होती तेव्हापासून सांगतो.

तिला कुठलीही वस्तू दाखवा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "ही किती गोल आहे रे?" पेनाचं टोपण, थर्मामीटर, वेलदोड्याची बाटली, माझ्या मेव्हण्याचं मनगट. बारीक गोल कुडीच्या कडीला, जरा मोठा बुगडीला, त्याहून मोठा नथीच्या आकड्याला. एकदा एक सरकारी साहेब भाड्यानं सायकल न्यायला आले. त्यांच्या तोंडात सिगारेट. आक्का मागच्या दारात उभी राहून त्या सिगारेटकडे टक लावून बघायला लागली. साहेब अवघडले. त्यांनी सिगारेट टाकली. आक्का हळहळली, "अरे, टाकायची कशाला, मापाची होती."

छत्रीच्या काड्यांवर तर तिचा जीव. पनवेलात पाऊस किती पडतो हे तुम्हांला सांगायला नको. त्या पावसात आमच्या गल्लीतली एकही छत्री पूर्ण उघडत नसे. एका बाजूनं उघडायची, दुसऱ्या बाजूनं आक्काकडे असायची. आमची माणसं चारी महिने डावा खांदा भिजवत चालायची. बाहेरच्या आळीतल्या लोकांना वाटायचं, ह्यांच्यात तशी रीतच आहे.

माझ्याकडून ती स्पोक न्यायची. नवा स्पोक दिला तर घ्यायची नाही. "हा अजून शिकलेला नाही," म्हणायची. जुना, निदान दोन पावसाळे आणि एक लठ्ठ मास्तर वाहिलेला स्पोक हवा. तो दाराच्या कडीवर वाजवून बघायची, कानाशी न्यायची. पसंत पडला की स्वयंपाकाचं लाटणं काढायची, त्याच्या टोकाला भोक पाडायची आणि स्पोकचा तुकडा आत ठोकायची. त्या तुकड्याला तार अडकवून लाटणं पाटावर नुसतं पुढे लाटलं की तारेची स्प्रिंग तयार. ती उभी कापली की शंभर कड्या, सगळ्या एका मापाच्या. सोनार मंडळी ह्या कामाला सकाळ घालवतात. आक्का पोळी लाटल्यासारखं चार हात फिरवून मोकळी.

पकडीचं तसंच. बाजारची पक्कड दातेरी, ती तारेला चावते. आक्कानं इलेक्ट्रिशियनची पक्कड आणली आणि पाट्यावर घासायला बसली. मसाला वाटायचा तोच पाटा. पंधरा दिवस घासत होती. पकडीची दोन्ही टोकं गुळगुळीत, निमुळती, गोल झाली. त्या पंधरा दिवसांत तिच्याकडे जेवलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगात लोह वाढलं. माझी बायको त्या काळात एकदाही चक्कर येऊन पडली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

खरी गंमत खंडेनवमीला. त्या दिवशी अवजारांची पूजा, आणि पूजेला मांडलेलं अवजार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. माझ्या दुकानात पाने, पंप, हातोडी मांडली की झालं. आक्काकडे मात्र अवजार म्हणजे लाटणं, पाट, पाटा, सांडशी, चिमटा, सुपारीचा अडकित्ता. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. मग पोळी कशानं लाटायची? पातेलं कशानं उतरवायचं? ऐन सणाला ही बाई ताट घेऊन माझ्या घरी हजर.

"आक्का, एक लाटणं वेगळं ठेवायला काय होतं?" माझी बायको विचारायची.

"ठेवलं होतं गं. पण ते सरळ निघालं. इतकं सरळ लाटणं पोळीवर वाया घालवायचं?"

आता तिच्या चुकीबद्दल. अशी चूक करायला सुद्धा तेवढंच डोकं लागतं.

आमच्या भागातल्या एका महिला मंडळानं मंगळागौरीच्या खेळांचा कार्यक्रम बसवला. त्यांना चोवीस नथी हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या. चोवीस नथी हातानं वळल्या तर चोवीस तऱ्हा होणार. म्हणून आक्कानं साचा करायचं ठरवलं. आईची जुनी नथ घेतली, कणकेचा गोळा थापला, त्यावर नथ पालथी दाबली. सुरेख ठसा उठला. तो ठसा पाटावर ठेवून वळणावळणाला खिळे ठोकले आणि त्यांची डोकी उडवली. तार एकदा खिळ्यांतून फिरवली, समोरून मोती गुंफले, मागे नाकात अडकवायचा आकडा वळवला की नथ तयार. आठवड्यात चोवीस नथी झाल्या. जुळी भावंडं लाजतील, इतक्या एकसारख्या.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंडळाच्या बाई धावत आल्या. "यमुआक्का, अहो, ह्या सगळ्या उजव्या नाकपुडीच्या आहेत!"

ठसा उलटा असतो, हे आक्काच्या ध्यानातच आलं नव्हतं. नथ फिरवून डाव्या बाजूला घातली तर मोती नाकाला टेकायचे आणि तारेच्या गाठी लोकांना दिसायच्या. आक्कानं एक नथ हातात घेतली, पालथी केली, सुलटी केली.

"आरशात बघितलंत का?" ती म्हणाली.

"आरशात कशाला?"

"आरशात बघा. आरशात डावीकडेच दिसते."

"अहो, प्रेक्षक काय आरसे घेऊन येणार आहेत?"

चोवीस बायका उजव्या नाकपुडीत नथ घालून नाचल्या. प्रेक्षकांत कुणाला काही कळलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष फुगड्यांकडे. अडचण आली ती फोटोंत. फोटोग्राफरला आक्कानं गाठलं आणि म्हणाली, "तुझी ती काच का फिल्म काय असेल ती उलटी धरून छाप." त्यानं छापली. नथी जागेवर आल्या. पण चोवीस जणींचे पदर उजव्या खांद्यावर गेले, आणि मागे लावलेली मंडळाची पाटी अशी उमटली की वाचणाऱ्याला वाटावं मंडळ परदेशातलं आहे. तो फोटो मंडळाच्या कचेरीत बरीच वर्षं होता. नवीन आलेल्या बायका विचारायच्या, ह्या कुठल्या गावच्या?

आक्कानं तो पाट टाकला नाही. शेजारी दुसरा पाट केला, सुलटा. आणि पहिल्यावर खडूनं लिहिलं, 'आरशातला'.

नव्वद सालाच्या आसपास तिची करंगळी गेली. गेली म्हणजे जागेवर होती, पण तिच्यातलं कळणं गेलं. शुगर होती, कित्येक वर्षांची, आणि ती लाडू खाऊन वर दोन कारल्याचे काप तोंडात टाकायची. तिच्या मते हिशेब मिटला.

डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना टाचणी टोचून विचारायला लागले, "कळतंय?"

"कळतंय."

"आता?"

"कळतंय."

डॉक्टर टाचणी हातात धरून नुसते उभे होते. त्यांनी दुसऱ्या वेळी टोचलीच नव्हती. माझ्याकडे त्यांनी बघितलं, मी छताकडे बघितलं. मग त्यांनी खरंच टोचली, जरा जोरानं, आणि काहीच विचारलं नाही. आक्का डोळे मिटून शांत बसली होती. बोटावर रक्ताचा ठिपका आला.

डोळे उघडल्यावर तिनं तो ठिपका बघितला. "डॉक्टर," ती म्हणाली, "टाचणी बोथट आहे तुमची. पाठवून द्या, घासून देते."

बाहेर पडताना तिच्या पिशवीत दवाखान्याची इंजेक्शनची एक जुनी सुई होती. ती तिला कशी मिळाली ते मी विचारलं नाही. आतून पोकळ, बारीक, मोत्याच्या भोकातला कचरा काढायला उत्तम.

त्यानंतर ती बोटांबद्दल कचेरीतल्या कारकुनांसारखी बोलायला लागली. "करंगळी रिटायर झाली." "अनामिका रजेवर आहे, येईल असं वाटत नाही." आणि एक बोट गेलं की त्याच्या जागी एक अवजार. करंगळीनं ती तार अडवायची, तिथे तिनं कपडे वाळत घालायचा चिमटा पाटाला ठोकला. अनामिकेच्या जागी छत्रीच्या काडीचा आकडा. मधलं बोट गेलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि वॉल्व्ह ट्यूब मागितली. सायकलच्या वॉल्व्हवर चढवतात ती रबराची बारीक नळी. ती तिनं चिमट्याच्या दोन्ही टोकांवर चढवली. आता तार सटकत नव्हती आणि मोत्याला ओरखडा येत नव्हता.

"बोटापेक्षा बरं आहे," तिनं मला चिमटा दाखवला. "ह्याला घाम येत नाही."

तार गुळगुळीत झाली की नाही हे पूर्वी ती बोट फिरवून बघायची. आता ओठांवरून फिरवायला लागली. कापलेल्या टोकाला कणभर धार राहिली तरी ओठाला कळते. त्यामुळे झालं काय, की एखादी बाई नथ न्यायला यायची आणि आक्का ती नथ आधी ओठांना लावून मग तिच्या हातात द्यायची. बायकांना वाटायचं, आशीर्वाद देतेय. काही जणी भावनेनं पाया पडायच्या. आक्काही पाठीवर हात ठेवायची. नाही कशाला म्हणायचं.

मग अंगठा आणि तर्जनी राहिली. ती दोन बोटं म्हणजे सगळं काम. मोत्याशी तार किती आवळायची हे तीच सांगतात. कमी आवळली तर मोती हलतो, जास्त आवळली तर फुटतो. ती बोटं मंद व्हायला लागली आणि आठवड्यात आक्काचे सात-आठ मोती फुटले. ते खोटे होते, काचेचे, पण फुटल्याचा आवाज खरा. माझ्या दुकानात ऐकू यायचा. मी पंप मारत राहायचो.

एका दुपारी ती अंगणात आली. "गजा, घंटी दे."

"कसली?"

"सायकलची. मोडकी असली तरी चालेल, वाजली पाहिजे."

चार दिवस काही कळेना. पाचव्या दिवशी तिनं मला आत बोलावलं. ती घासलेली गोल पक्कड होती. तिच्या दोन दांड्यांमध्ये तिनं एक स्प्रिंग बसवली होती, लाटण्यावर वळलेली. एका दांडीला सायकलची घंटी दोऱ्यानं घट्ट बांधलेली, दुसऱ्या दांडीला तारेचं एक बोट. पक्कड हवी तेवढी दाबली गेली की ते बोट घंटीच्या खटक्यावर पडायचं. टिंग. तिथे थांबायचं.

"दाब कळत नाही ना," ती म्हणाली, "मग ऐकू येऊ दे."

तिनं माझ्यासमोर एक मोती आवळला. टिंग. मोती हलला नाही, फुटला नाही. मी दुसरा दिला. टिंग. त्या दिवसापासून आमच्या अंगणात दिवसभर टिंग टिंग चालायचं. गिऱ्हाईकं वाटेतून बाजूला व्हायची. एक म्हातारा तर रोज सकाळी माझ्या दुकानासमोर थांबून म्हणायचा, "जा की बाबा पुढं, किती वेळ घंटी मारतोस?"

गव्हाणच्या हिराबाय आल्या त्या ह्या घंटीच्या काळात. तिकडच्या गावांत सरकारनं जमिनी घेतल्या होत्या, त्या पैशावर घरांवर मजले चढले होते, पण हिराबाय पूर्वीसारख्याच, मिठागरावर उन्हात काळवंडलेला चेहरा आणि आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्यांनी पदराची गाठ सोडून एक नथ आक्काच्या पाटावर ठेवली. सोन्याची, बसऱ्याचे मोती, तार तीन जागी तुटलेली.

"आक्का, ही माजे आजेसासूची. सोनार बोलतो आटवून नवी करतू. मना नवी नको. माजे पोरीचे नाकान हीच जायाला पायजे."

"मी सोन्यात काम करत नाही, हिराबाय. तांब्याची बाई मी."

"सोनं काय नि तांबं काय. तुमीच करा. तार ओढून आनलीय." आणि त्यांनी सोन्याची नवी तार काढली. वीतभर. त्याहून जास्त नव्हती.

आक्का त्या तारेकडे बघत राहिली. सोनाराच्या घरात जन्मली, पण सोन्याची तार तिच्या हातात कधी कोणी दिली नव्हती. आणि दिली ती आत्ता, ह्या हातांत.

मी हिराबायना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. बोटं गेलीत, मोती जुने आहेत, तार वीतभर आहे. मी एरवी न विचारता इतकं बोलतो. त्या दिवशी एका ट्यूबला पंक्चर नसताना पाण्यात बुडवून बघत बसलो.

"हिराबाय," आक्कानंच सांगितलं, "माझ्या बोटांना काही कळत नाही आता. हे बघा." आणि तिनं स्वतःच्या अंगठ्याला चिमटा काढला, नख रुतेपर्यंत. चेहरा जसाच्या तसा.

हिराबायनी बघितलं. "डोळे हायत ना? कान हायत ना? मंग?"

"मोती फुटला तर?"

"फुटला तर फुटला. सोनाराकडं समदंच जायाचं व्हतं."

नऊ दिवस लागले. आधी तिनं तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेवर अकरा वेळा तीच नथ करून बघितली. मग सुलटा पाट पुसला, 'आरशातला' पाट मुद्दाम माझ्या दुकानात आणून ठेवला. सोन्याची तार घेतली तेव्हा तिनं दार लावून घेतलं नाही, उलट सताड उघडलं, उजेडासाठी. मी आत-बाहेर करत होतो. टिंग. मोठ्ठी शांतता. टिंग. मी ऐकत होतो की नाही मला सांगता येणार नाही. मोजत होतो एवढं खरं.

सहाव्या दिवशी टिंग थांबलं. मी आत गेलो. आक्का चष्मा वर करून नथ उजेडात धरून बसली होती.

"गजा, बघ रे. हा मोती लाल कशानं झाला? जुन्या मोत्याला रंग सुटतो का?"

मी बघितलं. दोन मोती लाल होते. पाट लाल होता. तिच्या मांडीवरचं लुगडं लाल होतं. सोन्याच्या तारेचं टोक तिच्या तर्जनीच्या नखाखाली गेलं होतं, चांगलं आतपर्यंत, आणि ती त्याच हातानं काम करत होती. किती वेळ, देव जाणे.

"आक्का, बोट."

तिनं बोट बघितलं. कुणाचं तरी बघावं तसं. "हे होय," ती म्हणाली. "मला वाटलं मोती बिघडला." तार हळूच बाहेर काढली, आधी ती वाकली तर नाही ना हे पाहिलं, मग मला म्हणाली, "मोती धुऊन आण. कोमट पाणी. साबण नको."

मी मोती धुतले. पाणी आधी गुलाबी झालं, मग साधं झालं. मी वाटी पुसली आणि परत दिली.

नथ झाली. एकही मोती फुटला नाही, तार नखभर उरली. लग्नाला गव्हाणला आम्ही दोघं गेलो, उरणच्या एसटीनं. मांडवात हिराबायनी आक्काला हाताला धरून थेट नवरीपाशी नेलं. नवरीच्या डाव्या नाकपुडीत ती नथ, जुने मोती, आणि त्यांना लागून कुठे नवी तार सुरू होते हे मलाही ओळखू आलं नाही. आक्का वाकली आणि तिनं नवरीच्या नाकापाशी ओठ टेकवले. भोवतालच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नवरीही रडायला लागली.

मला ठाऊक होतं ती काय करतेय. सरळ होऊन तिनं मला खूण केली. धार कुठेच नव्हती.

परतीच्या एसटीत ती फार बोलली. चार नवीन अवजारांची नावं सांगितली, एकाला माझ्या दुकानाचं पेडल लागणार होतं. मी हो हो म्हणत होतो. बाहेर मिठागरं पांढरी दिसत होती.

लग्नाला महिना झाला असेल. दुपारची वेळ. आक्का आतून ओरडली, "गजा, घंटीला काय झालं रे? वाजत का नाही?"

मी आत गेलो. ती पाटासमोर बसली होती. डाव्या हातात चिमटा, चिमट्यात तार. उजवा हात उचललेला, अंगठा आणि बोटं जवळ घेतलेली, दाबत होती. मान जरा कलती, घंटीकडे कान. पक्कड तिच्या पायाशी जमिनीवर पडली होती.

मी पक्कड उचलून तिच्यासमोर धरली. तिनं ती बघितली, मग स्वतःचा हात बघितला. हात अजून दाबतच होता.

"कधी पडली?"

"आत्ताच असेल."

"असेल," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं काम केलं नाही. रडली-बिडली नाही. घरात कोणाचं लग्न निघालं की बायका यायच्या, ती त्यांना सांगायची, "आता नाही होत." इतक्या साध्या आवाजात सांगायची की बायकांना वाटायचं सुट्टीवर आहे. दुपारी ओट्यावर बसायची, हात मांडीत. माणसांकडे बघायची. कुणाकडे बघून किती गोल आहे असं विचारलं नाही. मी एकदा मुद्दाम एक सुरेख गंजलेला स्पोक तिच्यासमोर नाचवला, लठ्ठ मास्तरांचाच. "चांगला आहे," म्हणाली. घेतला नाही.

शोभा न्यायला आली तेव्हा अवजारांची पेटी आक्कानं माझ्याकडे ठेवली. "वापरशील," म्हणाली. मी फक्त चिमट्यावरची वॉल्व्ह ट्यूब काढली, त्या आठवड्यात माल संपला होता म्हणून. एका दूधवाल्याच्या सायकलला लावली. बाकी सगळं तसंच आहे.

एसटी स्टँडवर मी पोचवायला गेलो. सोलापूरची गाडी लागली होती. शोभा सामान वर चढवत होती. आक्काला खिडकीची जागा मिळाली. तिनं उजवा हात खिडकीच्या दांड्यांमधून बाहेर टाकला होता, हवेला. मी खाली उभा. इतकी वर्षं मी ह्या बाईच्या मागं किती थापा मारल्या, तिच्यासमोर किती मारल्या, त्या क्षणी एक सुचेना. मी पुढे झालो आणि तिचा हात धरला. बोटं थंड होती, टोकांना घट्टे, तारेच्या रेघा. मी ती दाबली. चांगली दाबली.

आक्का स्टँडच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती, मान उंच करून.

"अगं शोभा," ती आत वळून म्हणाली, "गजा कुठे राहिला? येतो म्हणाला होता."